नर्सिंग नोट्ससाठी इंग्रजी किती लागतं?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. शाळा मराठी माध्यमाची, आता बेळगावात जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला. ती लिहिते, 'इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, तुझ्या नोट्समधून पेशंटचं काहीच कळत नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे. कोर्स सोडू का?'

बाळ, सोडू नकोस. तू नमुन्याला पाठवलेली ओळ मी दोनदा वाचली. मराठीत ती अशी होते: 'पेशंट बरा आहे, रात्री शांत झोपला.' इंग्रजी ठीक आहे गं, पण माहिती कुठे आहे? सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या सिस्टरला ताप किती होता, लघवी झाली का, दुखण्याची गोळी कधी दिली आणि दुखणं उतरलं का, हे हवं असतं.

असं लिहून बघ: 'रात्री 2:10. उजव्या हाताला सलाईनच्या जागी सूज, लाली, दाबल्यावर दुखतं. सलाईन बंद केलं. 2:20 ला ड्यूटी डॉक्टरांना कळवलं. त्यांच्या सांगण्यावरून डाव्या हाताला लावलं. 3:00 वाजता सूज तेवढीच, दुखणं कमी.' एवढ्याला दहावीचं इंग्रजी पुरतं.

इन्सुलिन लिहिताना मात्र 'युनिट' हा शब्द पूर्ण लिही. नुसतं 'यू' अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि 10 चे 100 होतात. औषध देण्याआधी 'दिलं' असं कधीच लिहू नकोस. चुकलं तर एकच आडवी रेघ, सही आणि वेळ, व्हाइटनर नको.

आणि तुझी मराठी! ती तर तुझी जमेची बाजू. तुमच्याकडची आजी 'छातीत कळ येऊन डाव्या हातात उतरते' म्हणते, तेव्हा फक्त 'छातीत दुखतं' लिहिलंस तर डाव्या हाताची गोष्ट हरवली. शेजारच्या खाटेवरचे काका कानडीत 'तली तिरगाकत्तैती' म्हणतात, ते चक्कर येतेय म्हणून. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना ही बोली कळेलच असं नाही. तुला दोन्ही कळतं. त्यांचे शब्द अवतरणात, पुढे इंग्रजी अर्थ. अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन्स वीड यांनी 1960च्या दशकात नोट्सची जी मांडणी रुजवली, तिची सुरुवातही पेशंट काय सांगतो इथूनच होते. मग आपण काय पाहिलं-मोजलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करायचं.

उद्या इन्चार्ज सिस्टरांकडे जा आणि विचार, 'सकाळी आल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी काय कळायला हवं?' त्या सांगतील ते वहीत उतरवून घे.