रात्रीतून उतरणारी बॅटरी आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : मी डिचोलीत राहतो. सव्वा वर्षापूर्वी घरच्या वापरासाठी नऊ लाखांची नवी गाडी घेतली. रात्री उभी केलेली गाडी सकाळी सुरू होत नाही. शोरूमने एकदा बॅटरी बदलून दिली, तीही उतरू लागली. आता ‘बाहेरून डॅशकॅम (समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवल्याने वॉरंटी गेली’ असे तोंडी सांगतात. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : निश्चित जाता येईल. मात्र त्याआधी बंद गाडीत वीज नेमकी कोठे खर्च होते, हे लेखी पुराव्यानिशी ठरवून घ्या, कारण दोष दाखवून देण्याची पहिली जबाबदारी तक्रारदारावर असते आणि आपल्या प्रकरणात जबाबदार कोण, हेही त्यावरूनच ठरणार आहे.

ही तपासणी जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. गाडी लॉक करून तिची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पूर्ण शांत होईपर्यंत, साधारण अर्धा तास, थांबावे लागते. मग बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला मल्टिमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) जोडून प्रवाह मोजतात. तो साधारणपणे 50 मिलिअँपिअरच्या आत असावा. दोन अँपिअर जात असतील, तर बारा तासांत 24 अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी सकाळपर्यंत अर्ध्याहून अधिक रिकामी होते. त्यानंतर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या सर्किटवर दोष असतो. डॅशकॅम जोडलेला असताना आणि सोडवल्यावर, असे दोन्ही आकडे तारखेसह अहवालात लिहून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत टर्मिनलवर गंज चढतो आणि पुढे त्याकडेही बोट दाखवले जाते, म्हणून टर्मिनलचे फोटो आधीच काढून ठेवा.

शक्य असल्यास ही तपासणी शोरूमला लेखी कळवून, त्यांच्या माणसासमोर करा. तोपर्यंत डॅशकॅम स्वतः काढून टाकू नका; पुरावा नष्ट केल्याचा आरोप फुकट ओढवून घ्याल.

वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या अटीनुसार दुरुस्ती नाकारली आणि डॅशकॅमचा या दोषाशी संबंध कसा जोडला, याचे लेखी उत्तर शोरूमकडे मागा आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. डॅशकॅम सोडवूनही प्रवाह तेवढाच राहत असेल, तर त्यांच्या म्हणण्याला आधार उरत नाही, आणि तेव्हा शोरूमबरोबर उत्पादक कंपनीलाही पक्षकार करावे. उलट, डॅशकॅममुळेच वीज जात असेल, तर शोरूमविरुद्ध दावा करण्यात अर्थ नाही. सदोष जोडणी करून देणाऱ्या दुकानदाराविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार होऊ शकते. प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड (दुरुस्तीची नोंद असलेला शोरूमचा कागद) आणि जंप स्टार्टची, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गाडी सुरू करून घेतल्याची, बिले जपून ठेवा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी पर्वरीचे उत्तर गोवा जिल्हा आयोग. शोरूमने अहवाल अमान्य केल्यास कलम 38 खाली योग्य प्रयोगशाळेकडून तपासणीची मागणी करता येईल. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला शुल्क 200 रुपये आहे आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही, त्यामुळे शोरूमच्या उत्तराची पंधरा दिवसांपेक्षा अधिक वाट पाहू नये, असे माझे मत आहे.