खिशात असतो तोच चाकू

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला एक भलामोठा मल्टीटूल मिळाला, पक्कड, करवत, कात्री, चार स्क्रूड्रायव्हर, सगळं आहे त्यात. आणि तो तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून आहे. परवा ऑफिसात एकाने खोकं उघडायला खिशातून साधा, एका पात्याचा, लाकडी मुठीचा चाकू काढला, टेप कापली, पातं रुमालाला पुसलं आणि परत खिशात. मला उगाचच हेवा वाटला. एवढं काय आहे त्या चाकूत?

उत्तर: अहो, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. तुमचा ड्रॉवरमध्ये आणि त्याचा खिशात, संपलं. बाकी मी लिहीन ती सगळी त्याचीच टीप समजा.

मोठा मल्टीटूल सहज दोनशे ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे जवळपास मोबाईलच, आणि खिशात एक मोबाईल आधीच कोंबलेला असतो, मग दुसरं धूड कोण बाळगणार. याउलट व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लासिक नावाचा चिमुकला चाकू मिटल्यावर 58 मिलिमीटर आणि वजन वीस-बावीस ग्रॅम, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला की तो आहे हेच विसरायला होतं. तुमच्या सहकाऱ्याकडे होता तो वर्णनावरून ओपिनेल नावाच्या फ्रेंच चाकूसारखा वाटतोय. त्याचा आठ नंबरचा आकार सगळ्यात जास्त दिसतो, पातं साडेआठ सेंटिमीटर आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास.

गंमत म्हणजे ज्या लाल स्विस चाकूला आपण अवजारांचं दुकान म्हणून ओळखतो ना, त्याची सुरुवातही वजनाच्या तक्रारीतूनच झाली. कार्ल एल्सनर नावाचा कारागीर, 1891 मध्ये त्याने स्विस सैन्याला सैनिकांचा चाकू पुरवायला सुरुवात केली, त्यात पातं, टोचा, डबा उघडायचं हत्यार आणि रायफलीसाठी स्क्रूड्रायव्हर एवढंच होतं. चाकू दणकट पण बोजड. म्हणून त्याने हलका, देखणा असा ऑफिसरचा चाकू बनवला, 1897 मध्ये त्याची नोंदणी केली, आणि आज जगभर लोक ओळखतात तो याच चाकूचा वंश. म्हणजे बघा, हलकं करायला निघाले आणि पुढे त्यात चिमटा, दात कोरणी, भिंग काय काय घुसत गेलं. माणसाचा स्वभावच तो, मोकळी जागा दिसली की काहीतरी ठेवायचं.

ओपिनेलचं उलटं. फ्रान्समधल्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये हा चाकू बनवला, पुढे 1897 मध्ये एक ते बारा नंबरचे बारा आकार काढले, आणि मुळात मोठी भर एकच पडली, 1955 ची, पात्याच्या बुडाशी फिरणारी कडी. कडी फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं. पातं, मूठ, रिव्हेट आणि दोन कड्या (एक पक्की, एक फिरणारी), पाच भागांत चाकू तयार. जपानचा हिगोनोकामी तर त्याहून साधा, मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा, लॉक नाही, स्प्रिंग नाही, पात्याच्या मागे एक छोटी दांडी बाहेर आलेली असते, ती अंगठ्याने दाबून धरायची की पातं उघडं राहतं. म्हणजे तुमचा अंगठा हेच लॉक. हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसता तो चाकू उघडत-मिटत बसले होते, घरच्यांनी विचारलं काय चाललंय, सांगता आलं नाही.

आणि मागे स्प्रिंग असलेला पारंपरिक घडीचा चाकू असतो ना, त्याला लॉक नसतं. पाठीवरची पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर दाब देत असते, तुम्ही खाचेत नख घालून पातं ओढता, पट्टी आधी वर उचलली जाते आणि मग पातं पूर्ण उघडलं की टक्क करून खाली बसते. शौकीन मंडळी या आवाजावरून चाकू चांगला बनलाय की नाही ते सांगतात. मिळमिळीत आवाज आला तर नाक मुरडतात. मला आधी हे नखरे वाटायचे, आता मीही कान देऊन ऐकते.

तुमच्या मल्टीटूलला नावं ठेवत नाहीये हं, स्क्रू फिरवायचा असेल तर तोच काढा. चाकूच्या टोकाने स्क्रू फिरवायचा नाही, टोक तुटतं, मी तोडलंय. पण दिवसाकाठी जी कामं निघतात, टेप, सुतळी, शर्टाचा लोंबता दोरा, पेन्सिल, सफरचंद, प्लॅस्टिकचं ते हट्टी पाकीट, त्यातल्या बहुतेकांना एक छोटं धारदार पातं पुरतं. उगाच महागडा, खास पोलादाचा, शोकेसमध्ये ठेवायचा चाकू घ्यायचा मोह झाला तर आपली म्हण आठवा, सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही. महाग चाकू लोक वापरत नाहीत, जपतात, मग तोही ड्रॉवरमध्येच जातो.

प्रश्न: कार्बन स्टीलचा छोटा चाकू घेतला. आठवड्यात पातं काळंनिळं पडलं, शिवाय लाकडी मूठ फुगून पातं उघडतच नाहीये. फसवलं का मला?

उत्तर: नाही हो, कोणी फसवलं नाही. पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असेल तर त्याला स्टेनलेस म्हणतात, साध्या कार्बन स्टीलमध्ये ते जवळजवळ नसतंच, त्यामुळे आंबट फळ कापलं की पात्यावर राखाडी-निळसर थर चढतो. हा थर म्हणजे गंज नव्हे, उलट गंजाला थोडाफार आवरच घालतो. काळजी करायची ती लालसर, बोटाला खरखर लागणाऱ्या डागांची. तसे दिसले तर बारीक घासणीने घासा आणि तेलाचं बोट फिरवा, खायच्या तेलाचं चालतं, पण ते फार दिवस ठेवलं की चिकट होतं. वापरून झाल्यावर पातं कोरडं करून मगच मिटायचं, एवढी एक सवय लागली की कार्बनचा काही त्रास नाही. नसेल लागत तर स्टेनलेस घ्या, त्यात कमीपणा काही नाही, कार्बनवाले जरा मिरवतात तिकडे लक्ष देऊ नका.

मूठ फुगली ती ओल शोषल्यामुळे. चाकू पाण्यात बुडवून धुतलात ना? सावकाश सावलीत वाळू द्या, उन्हात किंवा हीटरवर ठेवू नका, तडा जाईल. आणि वाळेपर्यंत उघडायचा असेल तर सावोयच्या लोकांची एक युक्ती आहे, कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं आणि मग नखात सापडतं. बोटं पात्याच्या वाटेत नकोत एवढं बघा.

प्रश्न: धार लावायचं मशीन घेऊ का? दगडावर मला कोन जमत नाही.

उत्तर: छोट्या चाकूला मशीन नको, खाऊन टाकेल ते पातं. कोनाचं सोपं आहे. पातं दगडावर सरळ उभं धरा, हे झाले 90 अंश. अर्ध्यावर झुकवा, 45. परत अर्ध्यावर, साधारण 22. त्याहून किंचित खाली आणलंत की काम झालं, 15 ते 20 मध्ये कुठेही चालतं. कोन अगदी नेमका नसला तरी चालेल, पण एकदा धरला की तोच राहिला पाहिजे, बहुतेकांचं इथेच चुकतं, हात पुढे जाताना मनगट फिरतं.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेवर बारीकशी कड उलटलेली लागते, पात्याच्या पाठीकडून धारेकडे अंगठा आडवा सरकवला की कळते. ती टोकापासून बुडापर्यंत सगळीकडे लागली की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने दोन्हीकडून चार-चार वेळा, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे राहील असं ओढा. कागद हातात धरून कापून बघा, अडखळला तर जिथे अडखळला तेवढीच जागा परत. एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) एकच दगड घ्या, घरगुती वापराला पुरतो. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो निसटतो, माझ्या डाव्या तर्जनीवरची खूण बोथट चाकूचीच आहे.

प्रश्न: माझे मिस्टर हल्ली खिशात चाकू घेऊन फिरतात. चारचौघांत काढला की लोक दचकतात, मलाच लाज वाटते. समजवा ना त्यांना.

उत्तर: ताई, ते काढतात कसा यावर आहे सगळं. एका हाताने झटका देऊन उघडत असतील तर लोक दचकणारच, सिनेमात तसं कोण उघडतं ते सगळ्यांना माहितीये. छोटा चाकू दोन हातांनी, नख घालून, चष्म्याची डबी उघडावी तसा सावकाश उघडायचा. आणि कोणी मागितला तर मिटून द्यायचा. लॉक नसलेला, लहान पात्याचा असेल तर आणखी बरं, काही देशांत कायदाही हाच फरक करतो, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू बाळगायला वेगळं कारण द्यावं लागत नाही, लॉक असलेल्याला द्यावं लागतं. कायदे जागोजागी वेगळे, त्यामुळे आपल्या इथलं काय आहे ते त्यांना आधी बघायला सांगा. शाळा, कोर्ट, गर्दीचे कार्यक्रम, अशा ठिकाणी जाताना घरीच ठेवायचा. लॉक नसलेल्याचा एक तोटाही सांगून ठेवते, टोकाने काही भोसकायला किंवा खोदायला गेलं की पातं बोटांवर मिटतं, त्याने फक्त ओढून कापायचं.

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे, माझा चाकू मागते. देऊ?

उत्तर: तुमचा नको, तिचा वेगळा द्या. गोल टोकाचे छोटे चाकू खास मुलांसाठी मिळतात, ओपिनेलचाही आहे. सुरुवातीला काडी तासायला द्या, बसून, पातं अंगापासून लांब जाईल असं, आणि तुम्ही शेजारी हवेत, फोनमध्ये डोकं घालून नव्हे. आठव्या वर्षी सगळ्यांना जमतंच असं नाही, हात बघा आणि ठरवा.

प्रश्न: विमानात चालतो का एवढासा चाकू?

उत्तर: हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. मी एकदा किल्ल्यांच्या जुडग्यातला काढायला विसरले, तपासणीच्या ट्रेमध्ये तो एकटाच राहिला आणि मी पुढे गेले. अकरा वर्षं वापरला होता.