शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) दोन-तीन फेऱ्या झाल्यावर उरलेले दिवस कसे मोजायचे?

मोजणी पुढे नाही, मागे करायची. तिथे राहण्याच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहा. त्यात मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त भरता कामा नये. शेंगेन देशांबाहेर पडलात म्हणून हिशेब शून्यावर येत नाही, गफलत इथेच होते. १ मार्चचा दिवस २८ ऑगस्टला हिशेबातून गळतो, त्याआधी नाही. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरायचे, मग विमान रात्री अकराला का उतरेना! आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तिथले दिवस यात येत नाहीत. व्हिसावर ९० पेक्षा कमी दिवस छापले असतील तर तीच मर्यादा. मी येण्या-जाण्याच्या तारखा एक्सेलमध्ये ठेवतो आणि तिकीट काढण्याआधी युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरवर ताडून पाहतो.