डेप्थ चार्टच्या पहिल्या ओळीत कोण?

चि. पुतणीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या डेप्थ चार्टची, म्हणजे कुठल्या जागी पहिला कोण खेळणार त्या यादीची, तुझी अडचण समजली. चौथ्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्याला) आख्खी प्लेबुक, म्हणजे ठरलेल्या खेळ्यांची वही, तोंडपाठ आहे, पण हात बेताचा. नुकताच आलेला पोरगा पन्नास यार्ड चेंडू सहज फेकतो, पण हडलमध्ये (खेळीआधीच्या घोळक्यात) प्लेचं, म्हणजे पुढच्या खेळीचं, नाव सांगताना अडखळतो. हेड कोचने तुझ्याकडून दोघांवर टिपण मागवलंय आणि मी एका वाक्यात सांगावं अशी तुझी अपेक्षा आहे: गुणवत्ता की अनुभव? एका वाक्यात सांगता आलं असतं तर आजवर कितीतरी कोचांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या.

आधी हा प्रश्न सगळ्या टीमसाठी मिळून विचारणं बंद कर. तो एकेका जागेपुरता विचारायचा असतो. ओहायो स्टेट या कॉलेजची २०२४ची टीम आठव. बाहेरच्या रिसीव्हरच्या (कडेला धावून फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या) जागी जेरेमाया स्मिथ, शाळेतून थेट आलेला, पहिल्या सामन्यापासून स्टार्टर, म्हणजे सुरुवातीपासून मैदानात. १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन घेऊन गेला. आणि त्याच्याकडे चेंडू फेकणारा विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमध्ये चार हंगाम काढून पाचव्या वर्षी तिथे आलेला. २० जानेवारी २०२५च्या फायनलमध्ये ओहायो स्टेटची आघाडी नोट्र डेमने ३१-७वरून ३१-२३पर्यंत आणली होती. थर्ड डाउन, म्हणजे पुढे सरकायच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा, आणि अजून अकरा यार्ड मिळवायचे होते. हॉवर्डने स्मिथकडे लांब चेंडू टाकला, छप्पन यार्ड मिळाले आणि सामना तिथेच संपल्यात जमा झाला. त्या सबंध हंगामात ज्युलियन सेयिन हा शाळेपासून गाजलेला क्वार्टरबॅक बाकावर होता. त्याची पाळी पुढच्या वर्षी आली. म्हणजे एकाच कोचने, एकाच टीममध्ये, दोन जागांसाठी दोन उलट निर्णय घेतले आणि दोन्ही बरोबर ठरले.

असं का, ते पाहा. बाहेरच्या रिसीव्हरने रूट (धावायचा ठरलेला मार्ग) चुकवला तर बहुतेक वेळा चेंडू जमिनीवर पडतो, एक डाउन वाया जातं, पुढची प्ले सुरू. कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला) चुकीची शिक्षा जास्त, पण त्याचं बरंचसं काम पायांच्या वेगाचं, आणि वेग काही चौथ्या वर्षी शिकवून येत नाही. या जागांवर पोरगा सरस दिसला तर खेळवायचा, डोक्याला फार ताप द्यायचा नाही.

रनिंग बॅकपाशी (चेंडू घेऊन धावणारा, आणि पासच्या वेळी क्वार्टरबॅकला वाचवणारा) मात्र थांब, कारण इथेच भले भले फसतात. तू पाठवलेल्या स्क्रिमेजच्या (आपापसातल्या सराव सामन्याच्या) क्लिप्समध्ये तुमचा तो नवा बॅक धावताना काय देखणा दिसतो! पण थर्ड डाउनच्या क्लिप्स वेगळ्या काढ आणि एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) कॅमेऱ्यातून बघ. आठ यार्ड बाकी. पोरगा क्वार्टरबॅकच्या उजव्या अंगाला उभा. समोरचा मधला लाइनबॅकर (पुढच्या फळीमागचा बचावपटू) सरकत सरकत आपल्या पुढच्या फळीतल्या सेंटर आणि गार्डच्या फटीपाशी येतो, बाहेरून सेफ्टी हा सगळ्यात मागचा बचावपटूही खाली उतरतो. दोघांपैकी एक येणार की दोघंही? लाइन, म्हणजे आपली अडवणारी पुढची फळी, डावीकडे सरकणार असेल तर उजवीकडून येणाऱ्याला यानेच अडवायचं. दोघंही आले तर आतला आधी, कारण क्वार्टरबॅकपर्यंतचं त्याचं अंतर कमी. हे सगळं स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधीच्या दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. अठरा वर्षांच्या पोराची नजर त्या वेळी बाहेरच्याकडे जाते, कारण लांबून सुसाट येणारा माणूस आधी डोळ्यांत भरतो. तो त्याला अडवायला धावतो आणि आतला मोकळा सुटतो. त्याची किंमत मोजतात त्या क्वार्टरबॅकच्या बरगड्या. म्हणून पहिल्या वर्षाच्या बॅकला पहिल्या-दुसऱ्या डाउनला चेंडू देतात आणि थर्ड डाउनला बाहेर बोलावतात. हा भित्रेपणा नाही. हर्शल वॉकरसुद्धा १९८०मध्ये टेनेसीविरुद्ध जॉर्जियासाठी पहिला सामना खेळला तो बाकावरून उठून. त्या हंगामात त्याने १,६१६ यार्ड काढले आणि जॉर्जिया अजिंक्य ठरली, पण तेव्हाचा खेळ आजच्याइतका पासचा नव्हता.

लाइनबद्दल थोडक्यात सांगतो. सेंटरला सगळ्यांच्या वतीने बोलायचं असतं, समोरचा कोण कुठून येणार हे ओरडून सांगायचं असतं. तिथे अनुभवी माणूस. टॅकलच्या (लाइनच्या टोकाच्या) जागी अंगात ताकद भरायलाच एक-दोन वर्षं जातात. अपवाद असतात, पण ते शोधावे लागत नाहीत, सरावाच्या पहिल्या आठवड्यातच आपोआप दिसतात.

इकडचे आपले लोक हा विषय निघाला की हमखास सचिनचा दाखला देतात. सोळाव्या वर्षी कराचीत उतरलाच ना? उतरला. पण फलंदाज चुकला तर स्वतः बाद होतो. इथे एकाने चुकायचं आणि दुसऱ्याने स्ट्रेचरवरून जायचं.

आता ‘अनुभव’ म्हणून तू जे लिहिलंयस त्याकडे येतो. ‘चार वर्षं टीममध्ये’ हे काही माप नव्हे. तो मैदानात असतानाचे स्नॅप मोज. त्यातले सामना हातात असताना किंवा पुरता हातचा गेल्यावर मिळालेले किती, आणि अटीतटीचे किती, ते वेगळं लिही. मग ग्रेड शीटवर ये. प्रत्येक प्लेला अधिक किंवा उणे तुम्ही देताच. त्याशेजारी एक रकाना वाढव: चूक नवी की तीच? नव्या पोराच्या बारा मिस्ड असाइनमेंट (नेमून दिलेलं काम चुकल्याच्या नोंदी) बारा वेगवेगळ्या असतील तर तो शिकतोय. जुन्याच्या चारच असतील, पण चारही एकाच कव्हरेजवर (बचावाच्या एकाच मांडणीवर), तर त्याला अनुभव नाही, सवय आहे.

आणखी एक गोष्ट, जी कोचिंग रूममध्ये सहसा कुणी बोलत नाही. तुझा जुना क्वार्टरबॅक रोज पहिल्या फळीच्या लाइनमागे खेळतो, पहिल्या फळीच्या रिसीव्हरांना चेंडू देतो. नवा तिसऱ्या फळीच्या मागे जीव मुठीत धरून पळत असतो. अशा रेप्सवरून (सरावातल्या खेळ्यांवरून) केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. दोन-तीन सराव तरी दोघांना आलटून पालटून एकाच फळीसोबत खेळवा असं कोचला सांग. सांगायला कचरू नकोस, तू तिथे त्याचसाठी आहेस.

शाळेच्या वेळी मिळालेले स्टार, म्हणजे ताऱ्यांचं मानांकन, मात्र बाजूला ठेव. सतरा वर्षांच्या मुलाबद्दल कुणीतरी बांधलेला अंदाज, एवढीच त्यांची किंमत. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक स्टेटसन बेनेट वॉक-ऑन म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, आला, खेळायला मिळेना म्हणून मिसिसिपीतल्या ज्युनिअर कॉलेजात गेला, परत आला. २०२१मध्ये जेटी डॅनियल्स हा पंचतारांकित क्वार्टरबॅक दुखापतीने बाहेर गेला तेव्हा याला जागा मिळाली. डॅनियल्स बरा झाला तरी कोच किर्बी स्मार्टने बेनेटला काढलं नाही. डिसेंबरमध्ये अलाबामाने ४१-२४ असं धुतल्यावर लोक डॅनियल्सच्या नावाने ओरडायला लागले, तरीही नाही. १० जानेवारी २०२२ला त्याच अलाबामाला ३३-१८ने हरवून बेनेटने राष्ट्रीय विजेतेपद आणलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

पण याच्या अगदी उलट गोष्टही तितकीच खरी आहे. ८ जानेवारी २०१८, अटलांटा. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने तोवर स्टार्टर म्हणून पंचवीस सामने जिंकले होते आणि दोनच हरले होते. पहिल्या हाफमध्ये त्याचे आठपैकी तीन पास पूर्ण, एकवीस यार्ड, जॉर्जिया १३-०ने पुढे. कोच निक सेबनने हाफटाइमला तुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. शेवट सगळ्यांच्या लक्षात आहे: ओव्हरटाइम, एक्केचाळीस यार्डांचा पास, २६-२३. पण मधलं विसरतात. त्याच पोराने एक चेंडू थेट जॉर्जियाच्या हाती दिला होता, आणि शेवटच्या पासच्या आधीच्याच प्लेला सोळा यार्ड मागे जाऊन सॅक झाला होता, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला होता. गुणवत्ता घ्यायची तर हे दोन्ही घ्यावं लागतं. आणि जानेवारीतला पहिल्या वर्षाचा पोरगा ऑगस्टमधला राहिलेला नसतो. त्याने अलाबामाच्या बचावफळीसमोर अख्खा हंगाम सराव केला होता, आटोपलेल्या सामन्यांत खेळला होता. सेबनने जुगार खेळला असं म्हणणाऱ्यांनी ते महिने मोजलेले नसतात.

त्या रात्री खरा प्रश्न हा होता की हर्ट्स जास्तीत जास्त जितकं देऊ शकतो, तेवढ्यात ही जॉर्जिया हरेल का? तुझ्या टिपणात हाच प्रश्न वर यायला हवा. तुमच्या वेळापत्रकातली सगळ्यात तगडी टीम घे. जुन्या क्वार्टरबॅकचा उत्तम दिवस त्यांना पुरेल का? पुरत असेल तर त्यालाच खेळव. नसेल, तर त्याला ठेवून तुम्ही पराभव फक्त नोव्हेंबरपर्यंत लांबवताय. मग नव्याला सोप्या सामन्यांत ठरलेल्या एक-दोन सिरीज (चेंडू आपल्याकडे असतानाच्या पाळ्या) द्या, पाठ झालेल्या मोजक्या प्लेंसह, आणि सामना कसाही चालला असला तरी द्या. माझा कल विचारशील तर सप्टेंबरमध्ये जुना आणि हाताशी तयार होत असलेला नवा.

बदल केलाच तर किंमत काय पडते तेही कोचपुढे मांड. क्लेमसनने २०१८मध्ये चार सामन्यांनंतर केली ब्रायंटऐवजी ट्रेव्हर लॉरेन्सला स्टार्टर केलं. ब्रायंटने चारही सामने जिंकले होते. त्याने टीम सोडली. त्याच वर्षी आलेल्या नियमाने चार सामन्यांपर्यंत खेळूनही खेळण्याच्या हक्कातलं ते वर्ष वाचवता येत होतं, त्याचा हिशेब चोख होता. त्याच शनिवारी सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्सला मार लागून बाहेर जावं लागलं आणि चेज ब्राइस या तोवर फारसं कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुलाने चौऱ्याण्णव यार्डांची ड्राइव्ह (सलग चढाई) काढून २७-२३ने सामना वाचवला. क्लेमसन पुढे १५-० राहिली, अलाबामाला ४४-१६ने हरवलं. निर्णय बरोबरच होता, पण एका शनिवारी तो तिसऱ्या पोराच्या हातावर तरला. आता तर ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीमुळे) नाराज मुलाला वाट मोकळी आहे. तेव्हा तिसरा कोण, हे दोघांइतक्याच बारकाईने लिही.

आणि ज्याची जागा जाईल त्याला डेप्थ चार्ट भिंतीवर लागायच्या आधी कळलं पाहिजे, तेही पोझिशन कोचच्या (त्या जागेपुरत्या कोचच्या) तोंडून, फिल्म समोर ठेवून. हर्ट्स २०१८चं वर्ष थांबला, आणि डिसेंबरमध्ये त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, तुआ जखमी झाल्यावर त्यानेच सामना फिरवून ३५-२८ने जिंकून दिला. तुमचा चौथ्या वर्षाचा मुलगा थांबेल की जाईल हे ठरण्यात त्या खोलीतल्या वीस मिनिटांचा वाटा मोठा असेल. तिथे ‘तू टीमसाठी फार महत्त्वाचा आहेस’ वगैरे नको. कुठल्या तीन प्लेंवर मागे पडलास हे दाखवा आणि त्याचं ऐकून घ्या.

शनिवारच्या स्क्रिमेजच्या आधी दोघांच्या थर्ड डाउनच्या क्लिप्स आणि तो नवा रकाना भरून पाठव. रनिंग बॅकच्याही. रविवारी फोनवर बोलू.

तुझा,
काका