कोहाईसाठी गाणं निवडताना: नागोयाला निघालेल्या एकीला उत्तर

तुझा प्रश्न असा की जूनमध्ये पुण्याहून नागोयाला येते आहेस, तीन वर्षांसाठी. हाताखाली चार जपानी ज्युनियर असणार, इथल्या भाषेत कोहाई. जपानी एन-थ्रीपर्यंत, म्हणजे भाषापरीक्षेच्या मधल्या पातळीपर्यंत, झालंय. तिथून परतलेल्या कुणीतरी सांगितलंय की निरोपाच्या पार्टीत गावंच लागतं, म्हणून ज्युनियरांचे आभार मानणारी, त्यांना हुरूप देणारी गाणी हवी आहेत. ताई म्हणालीस, तेव्हा एकेरीवर येते. कावासाकीत माझं हे चौदावं वर्ष.

आधी हे, की घाई नाही. इथलं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि १ एप्रिलला बदल्या होतात, त्यामुळे तुझी पहिली सोबेत्सुकाई, म्हणजे निरोपाची पार्टी, बहुधा मार्चमध्ये येईल. काही कंपन्यांत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही बदल्या असतात. पहिल्या बैठकीत जेवण आणि भाषणं. गाणी असतात निजिकाईला, म्हणजे तिथून उठून जे कराओकेत जातात त्यांच्यात. तोवर एक गाणं नीट बसव. चार अर्धवट येण्यापेक्षा एक पुरतं.

मी पहिल्यांदा गाणं निवडलं ते चालीवरून, आणि तिथेच फसले. तिसरं वर्ष होतं. माझ्या टीममधला एक मुलगा नोकरी सोडून चालला होता. कित्येक महिने शेवटच्या ट्रेनने घरी जायचा. का सोडतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. मी ठरवलं होतं ‘माकेनाइदे’. झार्ड या बँडचं १९९३चं गाणं, साकाइ इझुमीने लिहिलेलं आणि गायलेलं. नावाचा अर्थ ‘हरू नकोस’. टीव्हीवर दरवर्षी चोवीस तासांचा मदतनिधीचा कार्यक्रम होतो, त्यात पळणारा शेवटच्या टप्प्यात आला की हे गाणं गातात. मला वाटलं, याहून चांगलं काय असणार? जीव तोडून गायले. तो शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिला. बाकी दोघं-तिघं मात्र हातातल्या ग्लासातला बर्फ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी एक वयाने मोठ्या बाई लिफ्टमध्ये हळूच म्हणाल्या, जो आधीच जिवापाड राबलाय, त्याला पुन्हा ‘गंबारे’, म्हणजे ‘जोर लाव’, म्हणू नये. गाण्यात काहीच खोट नव्हती. परीक्षेला बसणाऱ्या मुलीला तेच गाणं टॉनिकसारखं लागू पडेल. पण दमलेल्या माणसाला त्याच्या सेंपाईने, म्हणजे वरच्या माणसाने, ‘हरू नकोस’ म्हटलं की ते जवळपास हुकमासारखं ऐकू येतं.

तेव्हापासून मी एकच बघते: या गाण्यात कोण कुणाशी बोलतंय? वरून खाली सूचना येत असेल तर कोहाईसमोर ते गाणं नको. शाळा-कॉलेजातही हाच शब्द. बोलणारा स्वतःबद्दल बोलत असेल, किंवा सरळ आभार मानत असेल, तर डोळे झाकून निवड.

या कसोटीवर माझं पहिलं गाणं ‘उए ओ मुइते आरुको’. साकामोतो क्यूने १९६१मध्ये गायलेलं, शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाइ यांची. १९६३मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं होतं, ‘सुकियाकी’ या खाद्यपदार्थाच्या नावाने. बटाटेवड्याच्या नावाने भावगीत विकावं तसं! यात कुणी कुणाला शिकवत नाही. डोळ्यांतलं पाणी सांडू नये म्हणून वर बघत चालूया, एवढंच. लय निवांत, शब्द थोडे आणि परत परत येणारे, मधे शीळ. एन-थ्रीला आरामात झेपेल, आणि विशीतल्या पोरांपासून साठीच्या साहेबांपर्यंत सगळे सोबत गातील.

दुसरं, मला सर्वात जवळचं, ‘ताबिदाची नो हि नि’, म्हणजे ‘प्रस्थानाच्या दिवशी’. हे गाणं मोठ्यांनी लहानांसाठीच केलेलं आहे. १९९१ साली साइतामा प्रांतातल्या चिचिबु गावच्या कागेमोरी माध्यमिक शाळेत संगीताच्या बाईंना वाटलं, शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना काहीतरी आपलं द्यावं. त्यांनी मुख्याध्यापकांकडे शब्द मागितले. कोजिमा नोबोरु सरांनी ते लिहून दिले, साकामोतो हिरोमी बाईंनी चाल लावली, आणि शिक्षकांनीच ते मुलांसमोर गायलं. त्या एका दिवसापुरतं केलेलं गाणं पुढे देशभरच्या शाळांत पोचलं. त्यामुळे तुझ्या चौघांपैकी एखाद्याने तरी ते मार्चच्या थंडीत, शाळेच्या जिममध्ये उभं राहून गायलेलं असेल. आहे मात्र समूहगीत. एकटीने सुरू कर, दुसऱ्या ओळीपासून ते आपणहून सूर लावतील. एकीने तर मला खालचा सूर सोडून वरचा घे म्हणून खूण केली होती.

सरळ आभार मानायचे तर इकिमोनोगाकारी या बँडचं ‘आरिगातो’ (२०१०). एनएचके या टीव्ही वाहिनीच्या सकाळच्या मालिकेचं शीर्षकगीत होतं. खरं तर ते नवरा-बायकोच्या धाटणीचं, पण कुणी कीस काढत नाही. कीस काढायचाच तर ‘ओकुरु कोतोबा’ बघ: १९७९च्या शाळामास्तराच्या मालिकेतलं, निरोपाला हमखास गातात, आणि शब्द आहेत प्रेम गमावलेल्याचे. स्मॅप या गायक-गटाचं ‘सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना’ (२००३) पहिला नंबर कशाला हवा म्हणतं. अप्रेझलच्या महिन्यात चांगलं.

‘आओगेबा तोतोशी’च्या वाटेला जाऊ नकोस. १८८४चं गाणं, चाल सुरेख, पण त्यात शिष्य गुरूंचे उपकार आठवतात. तू ते ज्युनियरांसमोर म्हटलंस की ते तुझे गुरुजी झाले. ‘होतारु नो हिकारी’ही नको. दुकानं बंद होताना तीच चाल वाजते, लोक नकळत कोट शोधायला लागतात.

आता पाठांतर. रोमन लिपीत लिहून घेऊ नकोस, देवनागरीत लिही. जपानी गाणं मात्रांवर चालतं आणि आपल्याला मात्रावृत्त शाळेत शिकवलेलं आहे. ‘गंबत्ते’ बघ: अनुस्वारामुळे गं दोन मात्रा, पुढे जोडाक्षर म्हणून ब दोन, आणि ते एक. पाच मात्रा, जपानी लोकही पाचच मोजतात. फक्त शेवटचा ‘ते’ आपल्यासारखा दीर्घ ओढायचा नाही. ‘त्सु’साठी चूल, चुलत यांतला च आठव, ‘झा’साठी जहाजातला ज. माझ्या हिंदीभाषक मैत्रिणीला यासाठी आठवडे लागले.

खोलीत डेनमोकु नावाची टॅबलेटसारखी पाटी असते, गाणं तिच्यावर शोधायचं. सूर वर-खाली करायचं बटणही तिच्यावरच. ते आधी दाब, लाजू नकोस. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर छोट्या अक्षरांत उच्चार येतो, पण तो वाचत गायलीस तर हमखास मागे पडशील. साहेबांचं ठरलेलं गाणं कुठलं ते आयोजकाला, म्हणजे कांजीला, विचारून ठेव. ते तूच घेतलंस तर पंचाईत. (हो, अक्षरंही कांजी आणि आयोजकही कांजी. सवय होईल.)

माइक हातात आल्यावर एक वाक्य बोल, एकच: अमुक-सान, तुम्ही मला सांभाळून घेतलंत. नावाला आदराचं ‘सान’च लाव, सलगीचं ‘कुन’ नको. आणि केलेल्या कामाबद्दल ‘गोकुरोसामा’ म्हणायचं टाळ. ते वरच्याने खालच्याला म्हणायचं, चुकत नाही, पण त्याच अर्थाचं ‘ओत्सुकारेसामा’ सगळ्यांना चालतं.

तुझा आवाज खर्जातला आहे की वरचा, तेवढं कळव. ‘ताबिदाची’ मूळ सुरात मला झेपत नाही, मी दोन घरं खाली गाते.