पहिला बॉल घेताय? आधी हात बघा

टेनपिन बोलिंगसाठी, म्हणजे बॉल घरंगळवून दहा पिना पाडायच्या खेळासाठी, स्वतःचा बॉल घ्यायचं ठरवलंत, फार छान! पण रंग आणि ब्रँड नंतर, आधी माप. भोकं तुमच्याच बोटांच्या मापाने पाडून घ्या. माप चुकलं की बॉल आवळून धरावा लागतो, मनगट दुखतं, अंगठा अडकतो आणि नेम जातो. यात अजिबात काटकसर करू नका.

वजनाची नियमातली मर्यादा १६ पौंड आहे, म्हणून तेवढंच घ्यायला हवं असं नाही. शेवटच्या फ्रेमपर्यंत (खेळातल्या शेवटच्या पाळीपर्यंत) हात सैल झुलला पाहिजे.

आता लेन, म्हणजे बॉल जिच्यावरून पिनांकडे जातो ती पट्टी. तिच्यावर तेलाचा थर असतो, नेहमीच्या लेनवर मधे जास्त आणि कडेला कमी. तेलावर बॉल घसरतो, कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. त्यामुळे:

- सरळ टाकत असाल तर प्लास्टिकचा बॉल. पुढे स्पेअर (पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना) टिपायलाही तोच कामी येतो.
- हूक (बॉल वळवून टाकणं) जमू लागला असेल तर सौम्य रिअॅक्टिव्ह रेझिन, म्हणजे लेनवर जास्त पकड घेणाऱ्या आवरणाचा बॉल.

नवखे हमखास चुकतात ते इथे: व्हिडिओत बघून सगळ्यात जास्त वळणारा बॉल घेतात. तो भरपूर तेलासाठी बनवलेला असतो. कमी तेलाच्या लेनवर तो लवकर वळतो, हेडपिन (सगळ्यात पुढची पिन) ओलांडून जातो आणि माणूस उगाच स्वतःची टाकायची पद्धत बदलत बसतो.

कोरचे (बॉलच्या आतल्या गाभ्याचे) आकडे सध्या बाजूला ठेवा. आणि रेझिनचा घेतलात तर दर शॉटआधी त्यावरचं तेल टॉवेलने पुसा.