नवविश्वासी जोडप्याला तारणाची खात्री कशी द्यावी?

तुम्ही लिहिलंय की गावातलं एक जोडपं प्रार्थनेनंतर पोराचा ताप उतरला म्हणून विश्वासात आलं. आता पोरगं पुन्हा आजारी आहे आणि दोघं विचारतात, ‘आपलं तारण गेलं का?’

गाठ इथंच आहे. बरं होणं आणि तारण होणं, म्हणजे पापातून सुटणं, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकाच दाव्याला बांधल्या गेल्यात. प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही (2 करिंथ 12). तरी त्याचं तारण गेलं नाही. पण त्याआधी, पहिल्याच भेटीत, गोळ्या बंद केल्यात का ते विचारा. आपल्याकडे सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, पोरं आहेत. ‘विश्वास ठेवला, आता औषध कशाला’ म्हणून गोळी सोडली की कळा उठतात आणि बोल देवाला लागतो. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स तर मधे सोडूच देऊ नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता.

मग इफिसकरांस पत्र 2:8 ते 10, याच क्रमानं. तारण कृपेनं, विश्वासाद्वारे. सत्कर्मं दहाव्या वचनात, म्हणजे नंतर. सातबारा कोरा ही भाषा शेतकऱ्याला लगेच कळते, पण नीट सांगा: इथं कर्ज नुसतं माफ झालेलं नाही, ते दुसऱ्यानं भरलंय, वधस्तंभावर. बेबाकी दाखला हातात असलेला माणूस पोरगं तापलं म्हणून बँकेत ‘कर्ज परत चढलं का’ विचारायला जात नाही. पाप घडलं तर 1 योहान 1:9: कबूल करायचं आणि पुढं चालायचं.

बायबलचं वाचन मार्कच्या शुभवर्तमानापासून. सोळा अध्याय, आठवड्याला दोन. उत्पत्तीपासून सुरू करणारे बहुतेक लेवीयमध्ये अडकतात. कापूस वेचणीच्या दिवसांत जेवणं झाल्यावर जा आणि वीस मिनिटांत उठा. दिवसभर बोंडांनी बोटं सोललेली बाई त्यापुढं ऐकत नाही, फक्त मान हलवते. शेवटची प्रार्थना त्यांना करू द्या, वऱ्हाडीतच. ‘देवा, पोराले बरं कर’ ही पुरी प्रार्थना आहे.

पोळ्याला पेच येणारच. बैल धुवा, खांद शेका, पुरणपोळी चारा. ओवाळणं सोडायचं असेल तर सासूला आदल्या दिवशी सांगा, ऐन दारात नव्हे. घरातले देव पहिल्याच आठवड्यात नदीत टाकायला लावणारे घर तोडतात. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. तेवढा धीर घरच्यांसाठी ठेवा.

बाप्तिस्म्याबद्दल मंडळ्यांच्या रीती वेगळ्या आहेत, पाळकांना विचारा. तारीख ठरवण्याआधी एकच प्रश्न करा: ‘कशासाठी घेता?’ ‘पोरगं बरं व्हावं म्हणून’ असं उत्तर आलं, तर मार्क पुन्हा पहिल्या अध्यायापासून वाचायला घ्या.